‘तंबाखूने कॅन्सर होतो’ हे पोरांना पाठ आहे, मग पुडी हातात येतेच कशी?

सातवी-आठवीच्या कुठल्याही वर्गात जाऊन विचारा, “तंबाखू खाल्ल्याने काय होतं?” अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, “कॅन्सर!” थिएटरमध्ये पिक्चर सुरू व्हायच्या आधी पोरांनी हेच ऐकलेलं असतं. पुडीवर हेच छापलेलं असतं, शाळेच्या भिंतीवर हेच रंगवलेलं असतं.

आणि तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, म्हणजे ‘ग्लोबल युथ टोबॅको सर्व्हे’मध्ये, देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी आपण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं सांगितलं. त्याहून धक्कादायक आकडा पुढे आहे. ज्या विद्यार्थ्यांनी कधी ना कधी चघळायचा किंवा तोंडात ठेवायचा तंबाखू घेतला होता, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांनी पहिल्यांदा तो घेतला तेव्हा त्यांचा दहावा वाढदिवसही झालेला नव्हता. विदर्भात खर्रा, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात मावा, घराघरांत मिसरी. नावं वेगळी, पण वस्तू पोरांच्या नजरेसमोरचीच.

म्हणजे उत्तर पाठ आहे, पण वागणं वेगळं आहे. असं का होतं? याचं उत्तर शोधताना एक शब्द सतत समोर येतो, तो म्हणजे आरोग्य साक्षरता. ही नेमकी काय भानगड आहे आणि तिचा किशोरवयीन मुलांच्या सवयींशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

आरोग्य साक्षरता म्हणजे आरोग्याची माहिती नव्हे?

माहिती हा तिचा फक्त एक भाग आहे. ‘हेल्थ लिटरसी’ हा शब्द पहिल्यांदा वापरला तो स्कॉट सायमंड्स या अमेरिकन अभ्यासकाने, १९७४ मध्ये. शाळेत मुलं जशी इतिहास-विज्ञान शिकतात तशी ती आरोग्याच्या बाबतीतही साक्षर व्हायला हवीत, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे या शब्दाचा अर्थ रुंदावत गेला. आज आरोग्य साक्षरता म्हणजे चार गोष्टी जमणं, असं साधारणपणे मानलं जातं. आरोग्याची माहिती शोधता येणं, ती समजणं, ती खरी की खोटी हे पारखता येणं आणि ती स्वतःच्या रोजच्या आयुष्यात वापरता येणं.

“तंबाखूने कॅन्सर होतो” हे वाक्य पाठ असणं म्हणजे यातली फक्त दुसरी पायरी, तीही अर्धीच. मित्राने पुडी पुढे केल्यावर हसं न होता नाही कसं म्हणायचं, “सुपारीच तर आहे, तंबाखू कुठेय” या बोलण्यात कितपत तथ्य आहे आणि सवय लागलीच तर कोणाकडे जायचं, ही तिसरी आणि चौथी पायरी. शाळेच्या भिंतीवर ती सहसा रंगवलेली नसते.

सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० मध्ये या साक्षरतेचे तीन थर सांगितले. पहिला कामापुरता, म्हणजे सूचना वाचून समजणं. दुसरा संवादाचा, म्हणजे प्रश्न विचारता येणं, बोलता येणं, ऐकलेलं आपल्या परिस्थितीला लावता येणं. तिसरा चिकित्सेचा, म्हणजे मिळालेली माहिती तपासून तिच्यावर स्वतःचा निर्णय घेता येणं. ऐकायला हे पुस्तकी वाटतं. पण महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांमध्ये मिळणाऱ्या एका गोळीकडे पाहिलं की तिन्ही थर लख्ख दिसतात.

सोमवारच्या निळ्या गोळीची गोष्ट

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी सोमवार ठरलेला असतो. कारण साधं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५४.१ टक्के होता. म्हणजे योजना सुरू असतानाही तो वाढला. मुलगेही सुटलेले नाहीत. त्यांच्यात हे प्रमाण ३१.१ टक्के आहे.

रक्तक्षय म्हणजे नुसती ‘अशक्ती’ नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी झालं की शरीराला प्राणवायू कमी पोचतो. जिना चढताना धाप लागते, वर्गात लक्ष लागत नाही, सतत थकवा वाटतो. घरी त्याला “आळशी झालीये” म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

आता गोळी हातात आली. एका मुलीने ती उपाशीपोटी घेतली. मळमळलं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं, ती घाबरली. मैत्रिणीला सांगितलं. पुढच्या सोमवारी दोघींनी गोळी तोंडात ठेवली आणि बाई वळल्यावर खिडकीबाहेर टाकली. सरकारी नोंदवहीत मात्र दोन गोळ्या ‘दिल्या’ अशी खूण झाली.

या मुलींना “लोह शरीराला आवश्यक असतं” हे माहीत नव्हतं का? होतं, विज्ञानाच्या पुस्तकात तो धडाच आहे. त्यांना माहीत नव्हत्या त्या वापराच्या गोष्टी. गोळी खिचडी खाऊन झाल्यावर घ्यायची. काळी शौच होणं हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ बहुतेक वेळा काही दिवसांत कमी होते. गोळीच्या आगेमागे चहा घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून तासाभराचं अंतर ठेवायचं. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने ते चांगलं शोषलं जातं.

हे समजणं म्हणजे पहिला थर. “बाई, माझ्या पोटात दुखलं, काय करू?” असं न लाजता विचारता येणं म्हणजे दुसरा. आणि “या गोळीने पुढे मूल होत नाही” अशी कुजबुज कानावर आली तर ती कोण म्हणतंय, कशावरून म्हणतंय, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून मगच ठरवणं म्हणजे तिसरा. तिन्ही असतील तर गोळी पोटात जाते. पहिलाच डळमळीत असेल तर खिडकीबाहेर.

मग साक्षरता वाढली की सवयी सुधारतात का?

बऱ्याच अंशी हो, पण थोडं जपून बोलायला हवं. किशोरवयीन मुलांची आरोग्य साक्षरता आणि त्यांचं वागणं यांचा संबंध तपासणाऱ्या १७ अभ्यासांचा एक आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १३ अभ्यासांत या दोघांमध्ये अर्थपूर्ण संबंध आढळला.

इथे एक खाचखळगा आहे. अशा बहुतेक अभ्यासांत मुलांना एकाच वेळी दोन्ही गोष्टी विचारलेल्या असतात. त्यातून दोन्ही सोबत चालतात एवढं कळतं. कोणामुळे काय झालं ते कळत नाही. ज्या घरात पैसा आहे, पुस्तकं आहेत, आईवडील शिकलेले आहेत आणि रोज ताटात भाजी-फळं आहेत, तिथल्या मुलाची साक्षरताही जास्त असणार आणि सवयीही बऱ्या असणार. मग श्रेय कोणाला द्यायचं?

म्हणून खरी कसोटी असते प्रयोगाची. काही शाळांमध्ये कार्यक्रम राबवायचा, काहींमध्ये नाही आणि मग दोन्हींची तुलना करायची. असे मोठे प्रयोग भारतात झालेले आहेत. पण त्यांच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. कळूनसुद्धा पाय घसरतो कसा?

एकटा असताना शहाणा, टोळक्यात मात्र…

२००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी १३ ते १६ वर्षांची मुलं, त्याहून थोडे मोठे तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी मित्रांच्या देखत. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही.

खेळाचे नियम आणि धोके सगळ्यांना सारखेच माहीत होते. बदलली ती फक्त सोबत. या वयात मित्रांच्या नजरेत आपण कसे दिसतो याला प्रचंड वजन असतं. त्यामुळे “चाळिशीत कॅन्सर होईल” हा इशारा चौदा वर्षांच्या पोराला लांबचा वाटतो आणि “घाबरलास का?” हा प्रश्न अगदी जवळचा.

म्हणजे घाबरवणारी चित्रं आणि भाषणं पुरी पडत नाहीत. मित्रांसमोर काय करायचं याचा सरावच हवा, आणि तोही मित्रांसोबतच.

दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांनी काय केलं?

नेमका हाच विचार ‘मैत्री’ नावाच्या एका प्रकल्पात होता. त्याची सुरुवात २००४ मध्ये दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत झाली. आधी पाहणी केली तेव्हाच एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. आठवीतल्या ९.३ टक्के विद्यार्थ्यांनी कधी ना कधी तंबाखू घेतल्याचं सांगितलं होतं, तर सहावीत हे प्रमाण २४.८ टक्के होतं. धाकटी मुलं पुढे होती. म्हणजे व्यसनमुक्तीचा धडा नववी-दहावीसाठी राखून ठेवणं, ही गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचण्यासारखी गोष्ट ठरते.

मग निम्म्या शाळांत दोन वर्षं कार्यक्रम चालला. वर्गात खेळ आणि गटचर्चा झाल्या. त्या चालवायच्या त्याच वर्गातल्या, प्रशिक्षण दिलेल्या मुलामुलींनी. नाही म्हणण्याचा सराव झाला, शाळेत पोस्टर लागली. घरी पालकांना पोस्टकार्डं गेली. तंबाखूच्या जाहिराती आपल्याला कशा गळाला लावतात, हे मुलांनी स्वतः शोधलं.

दोन वर्षांनी तुलना झाली. कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता. कार्यक्रम झालेल्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला होता.

मुलांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवर हे आकडे उभे आहेत, हे खरं. पण ते दोन्हीकडे सारखंच होतं, तरी फरक एवढा मोठा पडला. या मुलांना कॅन्सरची चार जास्तीची चित्रं दाखवलेली नव्हती. त्यांना मिळाला होता तो बोलण्याचा, तपासण्याचा आणि नाही म्हणण्याचा सराव. म्हणजेच साक्षरतेचा दुसरा आणि तिसरा थर.

सांगणारा कोण, यानेही फरक पडतो

दुसरा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला. गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने तिथल्या ७४ सरकारी शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

कार्यक्रमात फार खर्चीक असं काही नव्हतं. भित्तिपत्रक, प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणं, मनातलं लिहून टाकायची एक पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि गरज असेल त्याला एकट्याने बोलायची सोय. शाळांचे तीन गट केले. एका गटात हे सगळं शाळेतल्याच एका शिक्षकाने केलं. दुसऱ्या गटात त्यासाठी खास नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने. तिसऱ्या गटात हा कार्यक्रम नव्हता.

निकाल चक्रावणारा होता. खास नेमलेल्या व्यक्तीच्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं. नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. लैंगिक आणि प्रजनन आरोग्याबद्दलची समजही वाढली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत मात्र कार्यक्रम नसलेल्या शाळांपेक्षा काहीच फरक दिसला नाही. उपक्रम तेच, पेटी तीच.

यात शिक्षकांना दोष द्यायचा प्रश्न नाही. गणित शिकवायचं, पेपर तपासायचे, निवडणुकीची कामं करायची आणि वर हेही करायचं, यात जीव ओतायला वेळ उरतो कुठे? शिवाय ज्या सरांच्या हातात आपले मार्क आहेत, त्यांना “मला रात्री झोप येत नाही” असं सांगायला कुठलं पोर धजावेल? आरोग्याबद्दल प्रश्न विचारायला विश्वासाचं माणूस लागतं. ते नसेल तर मुलं दुसरीकडे वळतात. आज ती दुसरी जागा म्हणजे मोबाईल.

रीलवरचा ‘डॉक्टर’ ओळखायचा कसा?

“सात दिवसांत पोट आत.” “ही पावडर घ्या, महिन्यात बॉडी.” “हे क्रीम लावा, चेहरा उजळ.” पंधरा वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये दिवसभरात असे किती सल्ले येतात, याचा त्यालाही हिशोब लागत नाही. पूर्वी माहिती मिळत नव्हती, आता ती इतकी मिळते की खरं-खोटं वेगळं करणं हेच मुख्य काम झालं आहे.

हे काम मुलांना शिकवता येतं का? युगांडात २०१६ मध्ये १२० प्राथमिक शाळांतल्या दहा हजारांहून जास्त मुलांवर याची चाचणी झाली. साधारण १० ते १२ वर्षांच्या मुलांना चित्रकथेच्या पुस्तकातून आरोग्याचे दावे तपासायला शिकवलं. “अमक्याला बरं वाटलं” हा पुरावा होतो का? महाग किंवा नवीन म्हणजे चांगलं का? विकणाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं मानायचं का? शेवटी परीक्षा घेतली. शिकवलेल्या शाळांतली ६९ टक्के मुलं पास झाली. न शिकवलेल्या शाळांत हे प्रमाण २७ टक्के होतं.

या परीक्षेने पारखण्याचं कौशल्य मोजलं, रोजचं वागणं नाही. तरीही एक गोष्ट तिने दाखवून दिली. ज्या वयात आपल्याकडे “तुला काय कळतंय” म्हणून पोरांना गप्प केलं जातं, त्या वयात ती पुरावा म्हणजे काय हे शिकू शकतात.

रील पाहताना चार प्रश्न पुरेसे आहेत. सांगणारा कोण आहे आणि त्याचं शिक्षण या विषयातलं आहे का? हे सांगून तो काही विकतोय का? पुरावा काय, एका माणसाचा अनुभव की अनेकांवर केलेली चाचणी? आणि हीच गोष्ट दुसरी एखादी भरवशाची जागा सांगतेय का? चौथ्या प्रश्नासाठी रील बंद करून बाहेर शोधावं लागतं. पोरांना हीच सवय लावायची आहे.

बाटलीच्या मागचं गणित

आरोग्य साक्षरतेत आकडेमोडही येते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा चमचे.

आता समजा एखाद्या पेयाच्या लेबलवर १०० मिलीला ११ ग्रॅम साखर लिहिली आहे. वाचणाऱ्याला ११ हा आकडा किरकोळ वाटतो. पण बाटली ६०० मिलीची आहे. म्हणजे ६६ ग्रॅम, सोळा चमच्यांहून जास्त साखर एका बाटलीत! हे गणित पाचवीतलं आहे, पण दुकानात उभं राहून ते करायला सहसा कोणी शिकवत नाही.

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, ते याचसाठी. कोणत्या पदार्थात किती साखर आहे आणि दिवसाला किती चालते, हे मुलांना फलकावर दिसावं हा हेतू. फलक लावणं ही सुरुवात झाली. मुलांनी स्वतः रिकामी पाकिटं आणून, वाचून, चमचे मोजून तो फलक भरला तर ती साक्षरता.

एनर्जी ड्रिंकचंही तेच. कॅफिनयुक्त पेयांच्या डब्यावर ती मुलांसाठी नाहीत, अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. बारीक अक्षरातली ती ओळ वाचतो कोण? जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या तेव्हाच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिन असलेल्या पेयांची विक्री बंद करणार असल्याचं विधिमंडळात सांगितलं. इथूनच पुढचा प्रश्न निघतो.

सगळा भार पोरांवरच का?

मुलाला सगळं कळलं, पारखता आलं, नाही म्हणायचंही ठरलं. पण शाळेच्या गेटसमोरच टपरी असेल तर त्याला ते रोज, दोनदा ठरवावं लागतं. १८ वर्षांखालच्यांना आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानेच बंदी आहे. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. या बंदीची अंमलबजावणी करणं हे पोरांचं काम नाही, मोठ्यांचं आहे.

आरोग्य साक्षरतेचे अभ्यासक म्हणूनच सांगतात की ही फक्त व्यक्तीची परीक्षा नसते. माहिती समजेल अशा भाषेत दिली का, दवाखान्यात मुलाशी नीट बोललं गेलं का, योग्य पर्याय हाताशी होता का, ही व्यवस्थेचीही परीक्षा असते. “हिरव्या पालेभाज्या आणि फळं खा” हा सल्ला ज्या घरात महिनाअखेरीस भाजीच येत नाही, तिथे कितीही साक्षरता असली तरी अडकतो.

या वयासाठी सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे. ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वयोगटाचं पोषण, मानसिक आरोग्य, लैंगिक आरोग्य, व्यसनं, हिंसा-अपघात आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय त्यात येतात. त्याअंतर्गत सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र क्लिनिक असतात. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. पाळीच्या तक्रारीपासून परीक्षेच्या ताणापर्यंत मुलं तिथे मोकळेपणाने बोलू शकतात, असा त्यामागचा विचार. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात असं क्लिनिक कुठल्या दिवशी असतं, हे किती घरांत माहीत आहे?

घरी आणि शाळेत काय करता येईल?

- “हे वाईट आहे” म्हणून थांबू नका. “तुला कोणी दिलं तर काय म्हणशील?” असं विचारा आणि मुलाच्या तोंडून उत्तर येऊ द्या.
- व्यसनांबद्दलचं बोलणं दहावीपर्यंत लांबवू नका. पाचवी-सहावीतच सुरू करा.
- शाळेत गोळी देताना ती का, कधी आणि कशी घ्यायची, काय होऊ शकतं, हे दोन मिनिटं सांगा. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हसू नका.
- वाण्याकडे जाताना पोराला सोबत न्या आणि एका पाकिटाचं लेबल त्यालाच वाचायला लावा.
- मुलाने आरोग्याचं रील दाखवलं तर लगेच रागावू नका. वरचे चार प्रश्न त्याच्यासोबत बसून विचारा. मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ‘रामबाण उपायां’नाही तेच प्रश्न लावा, कारण पोरं तेही बघत असतात.
- मदतीचे नंबर घरात दिसतील असे लिहून ठेवा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, संकटातल्या मुलांसाठी १०९८.

त्या सोमवारच्या वर्गात पुन्हा एकदा जाऊ. बाईंनी गोळ्या वाटल्या. एकीने हात वर केला, “बाई, मागच्या वेळी मळमळलं होतं.” बाईंनी तिला विचारलं, “खिचडी खाल्ली होतीस का?” ती म्हणाली, “नाही.” “मग आज आधी जेव, मग घे.” अख्ख्या वर्गाने हे ऐकलं. त्या दिवशी खिडकीबाहेर एक गोळी कमी पडली असेल. आरोग्य साक्षरता कामाला लागते ती अशीच, पोराने विचारलेल्या एका प्रश्नातून आणि मोठ्यांनी त्याला दिलेल्या सरळ उत्तरातून.